राजीनामा देणे, राजीनामा करणे

बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आटोपून मंदाताई नागपूरहून परतल्या, तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक शाल पडलेली होती. जांभळ्या काठाची, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेली. शेजारी शेंडीचा नारळ.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुझंच," नीलकंठराव म्हणाले. "मंडळातून आलं. काल सभेत तुझा सत्कार झाला."

"मी नसताना?"

"तू राजीनामा दिला म्हणे. मले काहून नाही सांगितलं?"

मंदाताई दारातच उभ्या राहिल्या. हातातली बॅग खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

मंदाकिनी नीलकंठ देशकर. वडील रेल्वेत, गोंदियाहून बदली होऊन रायपूरला आलेले. मंदाताईंचा जन्म इथलाच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषांत त्या वाढल्या आणि तिन्हींत त्यांना भांडता येत असे. बीरगांवच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर हिंदी शिकवली. मुलं कारखान्यातल्या कामगारांची. धड्यापेक्षा त्यांच्या दप्तरातून येणारे कागद मंदाताईंना जास्त उपयोगी पडले. एकदा एका मुलीने ठेकेदाराची नोटीस आणली होती. त्यात लिहिलं होतं की मजूर स्वेच्छा से रविवारीही कामावर येतील. मंदाताईंनी ती वर्गात वाचली आणि विचारलं, 'स्वेच्छा' हा शब्द कोणी लिहिला? ज्याची इच्छा आहे त्यानं, की ज्याला माणसं हवी आहेत त्यानं?  मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, बाबूजी तर त्या दिवशी शिव्या देत गेले होते.

त्या दिवसापासून त्या तेच शिकवू लागल्या. कागद बोलतो ते ऐकायचं, आणि तो आपल्याकडून काय करवून घेतो तेही पाहायचं.

निवृत्तीनंतर समता कॉलनीतल्या वैनगंगा मंडळात त्यांनी रविवार सकाळचा वाचनवर्ग सुरू केला आणि मंडळाच्या वर्गप्रमुख झाल्या. विदर्भातून आलेल्या कुटुंबांचं हे मंडळ. वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल, कपाटं, फळा. मुलं मराठी समजणारी, उत्तर हिंदीत देणारी. मंदाताईंची त्याला हरकत नव्हती. फळ्याच्या कडेला पाच शब्द त्यांनी पांढऱ्या रंगानं कायमचे लिहून घेतले होते. दावा, म्हणजे बोलणारा काय म्हणतो ते. आधार, म्हणजे कशाच्या जोरावर म्हणतो. गृहीत, म्हणजे न बोलता तुमच्याकडून कबूल करून घेतलेलं. गळ, म्हणजे तुमच्या भीतीत, लाजेत किंवा अभिमानात अडकवलेला काटा. कोणी गळ घालतो तेव्हा तो काटा आधी शोधायचा. आणि गाळलेली जागा, म्हणजे सांगायला हवं होतं पण सांगितलं नाही ते.

एवढ्या पाच शब्दांवर मुलं रविवारभर हसत-खिदळत असत. शंकर नगरातल्या एका कोचिंगचं होर्डिंग एकदा फळ्यावर घेतलं. 'सफलता यहीं से निकलती है.' सोनिया नावाच्या मुलीनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आजी, और जो फेल हुए, वो किस गेट से निकले?" मंदाताईंनी तिला गाळलेल्या जागेचे पूर्ण गुण दिले. सोनिया म्हणजे मंडळाचे अध्यक्ष दिवाकरराव पोहनकर यांची नात. वर्गात सगळ्यांत पक्की.

भांडण झालं ते दिवाकररावांशीच.

दिवाकरराव वकील. आवाज भरदार, मराठी घोटीव. त्यांना रविवारी हॉल साड्यांच्या सेलसाठी भाड्यानं द्यायचा होता. मंदाताईंनी विरोध केला. दोघंही हटेनात. महिनाभर मंडळात तट पडले. मग एका संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर दिवाकरराव स्वतः येऊन बसले, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, भांडण कायले वाढवता? राजीनामा करून टाकू. तुमचा वर्ग शनिवारी, सेल रविवारी."

मंदाताई हव म्हणाल्या, म्हणजे हो.

इथं एक गोष्ट माहीत असावी लागते. रायपूरच्या मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द दोन घरचा आहे. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. इथल्या कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंचा समझोता. पद सोडायला तिकडे इस्तीफा. वकील बोलला होता, समझोत्याबद्दल बोलला होता, मंदाताईंनी बरोबर ऐकलं होतं. दोघांनी चहा संपवला. दिवाकररावांनी त्यांना गेटपर्यंत पोचवलं.

मग ताई नागपूरला गेल्या आणि वार्षिक सभा झाली. सभासद सगळे जुने, मराठी पेपर वाचणारे. दिवाकरराव उठले आणि एकच वाक्य बोलले. मंदाताईंनी राजीनामा मान्य केला आहे. पुढे काही बोलले नाहीत. थांबले. त्या थांबण्यात कोणीतरी हळहळलं, कोणीतरी म्हणालं एवढं काम केलं बाईनं, काहीतरी करायला हवं. टाळ्या झाल्या. शाल आली. सेलवाल्यांना शनिवार, रविवार दोन्ही मिळाले.

हे सारं मंदाताईंना तुकड्यातुकड्यांनी कळलं. दुसऱ्या दिवशी त्या शंकर नगरात दिवाकररावांच्या ऑफिसात गेल्या. बसल्या नाहीत. दिवाकररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावरची पिन बोटानं सरकवत म्हणाले:

"मी खोटं काय बोललो, ताई? लोकाईनं समजायचं ते समजले."

मंदाताईंना त्या क्षणी राग आला नाही. त्यांना ते वाक्य आवडलं. इतकं नीट बसवलेलं वाक्य त्यांनी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं. राग जिना उतरताना आला, आणि मग गेला नाही.

त्यांनी मंडळातल्या चार जणांना समजावून पाहिलं. मी समझोता केला होता, पद सोडलं नव्हतं. लोक मान हलवत. पण जितकं समजावावं तितकं ते उलटत गेलं. बाई राजीनामा देऊन आता परत मागून राहिल्या, अशी कुजबुज सुरू झाली. कार्यकारिणीत कोणी विषय काढला तेव्हा दिवाकररावांनी निर्णयच दिला की भर सभेत नोंदलेला राजीनामा मागे घेता येत नाही. कॉलनीत भेटणारे आता त्यांना जुन्या शिक्षिकेसारखे नमस्कार करू लागले. वर्गाचा हॉल, फळ्यावरचे पाच शब्द, रविवार सकाळ, सगळं त्यांच्याच नावानं, त्यांच्याच संमतीनं त्यांच्याकडून गेलं होतं.

नारळाची चटणी झाली. शालीची पिशवी मंदाताईंनी उघडली नाही. कपाटात, डोळ्यांसमोर येईल अशी ठेवली.

"सोड आता," नीलकंठराव म्हणत. "एवढासा शब्द तो."

"एवढ्याशा शब्दानंच तर केलं त्यानं."

वर्षभर मंदाताईंनी एकच पाठ्यपुस्तक वाचलं, ते म्हणजे दिवाकरराव. मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या भाषणांचे व्हिडिओ येत. गणपतीचं भाषण, हळदीकुंकवाचं भाषण, कोणाच्या श्रद्धांजलीचं भाषण. मंदाताई चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा ऐकत, मध्येच थांबवत, मागे नेत. जेवण गार होई. नीलकंठराव म्हणत, माझं भाषण कधी एवढं ऐकलं नाही तू. त्या म्हणत, तुमचं एकदा ऐकलं की समजतं.

हळूहळू त्यांना माणूस दिसू लागला. तयारी करून बोलताना दिवाकरराव शुद्ध मराठीत बोलत, क्रियापदं तोलून मापून ठेवत. 'मान्य केला आहे' हे असंच तोललेलं होतं. ते देण्यालाही चाललं असतं आणि करण्यालाही. पण एका लग्नात कॅटररशी त्यांची जुंपली, तेव्हाचा व्हिडिओ कोणीतरी टाकला होता. त्यात शुद्ध मराठीचा पत्ता नव्हता. घाबरले किंवा चिडले की त्यांच्या तोंडी कोर्ट येत होतं. सुनावणीला पेशी, जबानीला बयान, समझोत्याला राजीनामा. मंदाताईंनी तो व्हिडिओ जपून ठेवला.

आणि ते घाबरतात कशाला, हेही त्यांना उमगलं. दुसऱ्याला कोर्टात उभं करणं हा त्यांचा धंदा होता. स्वतः तिथं उभं राहणं ही बदनामी होती. बार रूममधले वकील हसतील, एवढीच त्यांची भीती. गळ टाकायची जागा तीच.

पुढच्या वार्षिक सभेच्या सकाळी मंदाताईंनी एक जाड निळी फाईल काढली आणि तिच्यात घरातली विजेची जुनी बिलं भरली. मग कपाटातून पिशवी काढून पर्समध्ये ठेवली. नीलकंठराव पाहत होते.

"पोट्ट्यांले शिकवत होती का समोरच्याचा गळ ओळखा," ते म्हणाले. "आता तूच गळ टाकून राहिली."

"ओळखता येतो त्यालेच टाकता येतो," मंदाताई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

हॉल भरला होता. पुढच्या कार्यकाळासाठी अध्यक्षपदाला दिवाकररावांशिवाय नाव नव्हतं, म्हणून सगळे निवांत होते. तरुण मंडळी खाली पोहे आणि चहाच्या गडबडीत. सोनिया ट्रे घेऊन जिन्यावरून वर-खाली करत होती. फळ्याच्या कडेचे पाच शब्द तसेच होते, फक्त त्यांच्यावर साडीच्या सेलचं पोस्टर चिकटवलेलं होतं. 'गळ'चा ळ तेवढा खालून दिसत होता.

आयत्या वेळच्या विषयांत मंदाताई उठल्या. फाईल छातीशी धरलेली. सचिव हरिदासजी रामटेके, प्लांटमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी पेन उघडलं.

मंदाताईंचा आवाज वर्गात असायचा तसाच होता. त्या म्हणाल्या की आपली तक्रार नाही, एक शंका आहे. मागच्या सभेत अध्यक्षांनी म्हटलं होतं की मी राजीनामा मान्य केला. त्या शब्दाचा अर्थ काय, तेवढा त्यांनी सभेला सांगावा. पद सोडणं असा असेल, तर ते मी कधी, कुठं, कोणापुढे सोडलं? आणि समझोता असा असेल, तर शनिवारचा वर्ग कुठं आहे?

दिवाकरराव हसले. कोणत्याही दारातून गेलं तरी खड्डा आहे, हे त्यांना लगेच दिसलं. ते उठून सावकाश म्हणाले की शब्दाचे अर्थ संदर्भानुसार बदलतात, आणि मंदाताई तर भाषेच्या शिक्षिका, त्यांना हे मी काय सांगावं. लोक हसले. वाक्य पुन्हा चांगलं बसलं होतं.

मंदाताईंनी हशा ओसरू दिला. मग त्यांनी मराठी सोडली.

"तो फिर वकील साहब, संदर्भ अदालत में ही देख लेंगे," त्या म्हणाल्या. त्यांनी फाईल किंचित उचलली. "केस मंडल पर नहीं. आप पर. नाम से. पेशी पर आप कटघरे की तरफ़ खड़े रहिए, मैं सवाल पूछने की तरफ़."

 दिवाकररावांची नजर फायलीवर गेली आणि तिथंच राहिली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी माईक जवळ ओढला.

"अरे, बात कहाँ से कहाँ जा रही है," ते म्हणाले. "ताई, घरची गोष्ट कोर्टात कायले नेता? काय पेशी न बिशी. मी राजीनामा कराले तयार आहो. आत्ताच. सगळ्याईसमोर."

 मग मागच्या रांगेतून एक लांब उसासा आला. हरिदासजींचं पेन चालू लागलं.

"अध्यक्ष राजीनामा देऊन राहिले," त्यांनी लिहितालिहिता मोठ्यानं म्हटलं. "याले सूचक-अनुमोदक लागत नाही."

एक टाळी पडली. मग दुसरी. अशी वेळ आली की टाळ्या वाजवायची या सभेला सवय होती.

"अहो नाही," दिवाकरराव हसून म्हणाले. "तसा राजीनामा नाही. राजीनामा म्हणजे आपला तो…" त्यांना शब्द सापडेना. जो सापडत होता तो पुन्हा तोच होता. त्यांनी मंदाताईंकडे हात केला. "ताई, तुम्ही सांगा ना यांले. मले काय म्हणायचं होतं ते."

सगळे चेहरे मंदाताईंकडे वळले. सभेत भाषा शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी 'कराले' स्पष्ट ऐकलं होतं. वर्षभर त्या तेवढ्याच शब्दाची वाट पाहत होत्या. 'द्याले' नव्हे, 'कराले'. त्या एवढं म्हणाल्या असत्या तर सभा तिथंच हसून मोकळी झाली असती. वर्गही बहुधा मिळाला असता. माणूस घाबरला होता, देऊन टाकला असता.

मंदाताईंनी पाण्याचा घोट घेतला.

"मी काय सांगू, दिवाकरराव?" त्या म्हणाल्या. "लोकाईनं समजायचं ते समजले."

दिवाकररावांनी ते वाक्य ओळखलं. त्यांचा चेहरा आधी उघडा पडला आणि मग बंद झाला. ते आणखी बोलले, बरंच बोलले, हिंदीत आणि मराठीत. पण पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी गुडघ्यावर थाप मारून विचारलं की राजीनामा देऊन परत घेता काय, वकीलसाहेब? भर सभेत नोंदलेला परत घेता येत नाही, हे तुम्हीच मागच्या साली सांगितलं. हशा पिकला. त्या हशात माईक कोणीतरी बाजूला नेला.

मग मंदाताई व्यासपीठावर गेल्या. पर्समधून पिशवी काढली, प्लास्टिक फाडलं, जांभळ्या काठाची शाल उलगडली. घडीच्या रेषा अजून कडक होत्या. त्यांनी ती दिवाकररावांच्या खांद्यांवर घातली, दोन्ही पदर पुढून सारखे केले आणि लहान मुलाचा स्वेटर ओढून बसवावा तशी बसवली. टाळ्या या वेळी जोरात झाल्या. फोटो काढले गेले. फोटोत मंदाताई हसत आहेत. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर आजही आहे. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही तो जास्त वेळ पाहवत नाही.

घरी आल्यावर नीलकंठरावांनी विचारलं, "झालं समाधान?"

"हव," त्या म्हणाल्या. रात्री आपल्याला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. त्या वाट पाहत पडून राहिल्या. वाटलं नाही. झोप छान लागली.

नव्या कार्यकारिणीनं रविवार सकाळ त्यांना परत दिली. पोस्टर खरवडून काढलं तेव्हा 'गृहीत'चा थोडा रंग त्याच्याबरोबर निघाला. मंदाताईंनी तो ब्रशनं भरला. मुलं परतली, काही नवी आली. दिवाकरराव मंडळात येईनासे झाले. ऑफिसातही कमी बसतात असं ऐकू येई. बार रूममध्ये त्यांना कोणीतरी 'राजीनामा वाले भैया' म्हटलं होतं. मंदाताईंनी ही बातमी ऐकली आणि सांगणाऱ्याला आणखी चहा घेण्याचा आग्रह केला.

सोनिया येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती आली. शेवटच्या बाकावर बसली. नेहमी पहिल्या बाकावर असे.

त्या दिवशी क्रियापदांचा विषय होता. मंदाताई म्हणाल्या की बोलणाऱ्याचं नाम सगळ्यांना ऐकू येतं, पण खरा व्यवहार क्रियापदात होतो. हात देणे, हात मारणे, हात टेकणे. हात एकच, माणसं तीन. मुलांनी उदाहरणं द्यायला सुरुवात केली. डोळा लागणे, डोळा मारणे, यावर खूप हशा झाला.

"और राजीनामा, आजी?" सोनियानं मागून विचारलं.

हशा थांबला.

"राजीनामा देणे," मंदाताई म्हणाल्या. "राजीनामा करणे."

"उस दिन दादाजी ने कौन-सा बोला था?"

कोणी वळून पाहिलं नाही.

"मैं सीढ़ी पर थी, चाय लेकर," सोनिया म्हणाली. "मेरी मराठी तो कच्ची है. मुझे लगा दादाजी समझौता कर रहे हैं. मैं खुश हो गई थी. घर जाके पता चला कि इस्तीफा हो गया. सब बोले तूने गलत सुना."

"तू बरोबर ऐकलं," मंदाताई म्हणाल्या. "कराले म्हणाले होते ते."

"आपने भी सुना था?"

"हव."

"उन्होंने आपसे पूछा भी था."

"विचारलं होतं."

सोनिया उठून फळ्यापाशी आली. रडत नव्हती. तिनं पाच शब्दांकडे पाहिलं, जसं मंदाताईंनीच तिला पाहायला शिकवलं होतं, एकेकावर थांबत. दावा. आधार. गृहीत. गळ. मंदाताईंनी आपणहून खडू पुढे केला. सोनियानं तो घेतला आणि शेवटच्या शब्दापुढे, मराठीत, अक्षरं जुळवत लिहिलं:

गाळलेली जागा – मंदा आजींनी सांगितल नाही.

 मंदाताईंनी वाक्य एकदा मनात वाचलं. मग तिच्या हातातून खडू घेतला, 'सांगितल'वर राहिलेला अनुस्वार दिला आणि मागे सरकून पुन्हा पाहिलं.

बाकी वाक्यात चूक नव्हती. त्यांनी ते तसंच राहू दिलं.